गाण्याचें बलुतें

गेल्या आषाढांत आमच्या शेजारचा एक तरुण हातांत एक कागद घेऊन आमच्याकडे आला. हा मुलगा गाणीं स्वतः लिहितो, स्वतःच त्यांना चाली लावतो, आणि घरांतल्या मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगून तेथेंच तीं ध्वनिमुद्रित करतो. त्याच्या पाठीशीं कोणी कंपनी नाहीं, चित्रपट नाहीं, घराण्याचें नांव नाहीं. गाणें मनासारखें उतरलें म्हणजे तो तें इंटरनेटवर ठेवतो. ज्यांना ऐकावयाचें ते ऐकतात. पावसाची वाट पाहणाऱ्या एका म्हातारीवरचें त्याचें गाणें यंदा बरेंच पसरलें, आणि अनोळखी माणसांनीं मोबाईलवर केलेल्या लहानसहान चित्रफितींतून तें ऐकूं येऊं लागलें. तेव्हां एका कंपनीनें त्याला पंचवीस हजार रुपये देऊं केले व सोबत करारनामा पाठविला. या गाण्यावरील सर्व हक्क, सर्व जगांत, सर्व माध्यमांसाठीं, आज माहीत असलेल्या व पुढें निघणाऱ्या प्रत्येक साधनासाठीं, कायमचे कंपनीला दिले आहेत, असें त्यांत लिहिलें होतें. ‘सही करूं का?’ एवढेंच त्याला विचारावयाचें होतें.

त्याच्या मागोमाग त्याचे वडीलहि आले. साखर कारखान्यांत फिटरचें काम करून ते निवृत्त झालेले आहेत. त्यांचें मत ठरलेलें होतें. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, पंचवीस हजार ही आमच्या घरांत लहान रक्कम नव्हे, आणि गाणीं काय, हा आणखी दहा करील! जातां जातां ते म्हणाले, “मास्तर, सुतारानं खुर्ची विकली म्हणजे तिच्यावर कोण बसतं हें तो बघत बसत नाहीं.” हें वाक्य आमच्या मनांत फार दिवस घोळत राहिलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्याशीं आमचें चाललेलें भांडण आहे असें वाचकांनीं समजावें.

कायदा काय म्हणतो तें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण चांगल्या शिकलेल्या घरांतूनहि याविषयीं गैरसमज आढळतो. सरकारदरबारीं नोंद केल्यावांचून किंवा एखाद्या कंपनीनें प्रसिद्ध केल्यावांचून गाण्यावर कोणाचा हक्क उत्पन्न होत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. आपल्या देशांतील १९५७ च्या कायद्याप्रमाणें कृति निर्माण झाली कीं हक्क निर्माण होतो; नोंदणी सक्तीची नाहीं. नोंदणीनें एवढेंच होतें कीं, उद्यां वाद निघाल्यास ती प्रथमदर्शनीं पुरावा म्हणून धरली जाते. चाल नोटेशनमध्यें उतरविलेली असलीच पाहिजे असेंहि १९९४ च्या दुरुस्तीनंतर राहिलेलें नाहीं. शिवाय, ज्याला आपण एक गाणें म्हणतों त्यांत हक्क एक नसून चार असतात : शब्दांचा एक, चालीचा दुसरा, ध्वनिमुद्रणाचा तिसरा, आणि गाणाऱ्याच्या गायनाचा चौथा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षें चालतो. ध्वनिमुद्रणाचा, तें प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षें. चित्रपटाच्या गाण्यांत हे चार हक्क चार घरांत विभागलेले असतात. आमच्या या मुलाच्या बाबतींत चारी वाटण्यांचें शेत एकाच सातबाऱ्यावर आहे. स्वतंत्रपणें गाणें करणाऱ्याची श्रीमंती म्हणाल तर हीच, आणि तीच त्या करारनाम्याच्या एका ओळींत त्याच्या हातून जाणार होती.

चोरीविषयीं आम्ही येथें फार लिहीत नाहीं. दुसऱ्याचें गाणें आपलें म्हणून खपविणें वाईट, याविषयीं दुमत नाहीं. हल्लीं इंटरनेटवर गाण्यांची तुलना यंत्रें करतात, आणि त्या यंत्रांच्या घोटाळ्यांत कधीं कधीं मूळ कर्त्यालाच चोर ठरावें लागतें, ही हास्यास्पद गोष्टहि घडते. पण कायदा चोराविरुद्ध निदान उभा तरी राहतो. आमचा प्रश्न निराळा आहे. मनुष्य आपण होऊन, शुद्धीवर असतांना, स्वतःच्या हातानें सही करून गाणें देऊन टाकतो, तेव्हां कायद्यानें मध्यें पडावें कीं नाहीं? सज्ञान माणसाला आपली वस्तु समूळ विकण्याचें स्वातंत्र्य असावें कीं नसावें?

हा प्रश्न किती महाग पडूं शकतो हें ज्याच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें, त्या सॉलोमन लिंडाचें नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच ऐकलें असेल. त्याची चाल मात्र पुष्कळांच्या घरांतील मुलांना तोंडपाठ आहे. लिंडा हा दक्षिण आफ्रिकेंतील झुलू. १९०९ सालीं नाताळ प्रांतांत तो जन्मला, गुरें राखीत वाढला, पोटासाठीं जोहान्सबर्गला आला आणि पुढें गॅलो नांवाच्या कंपनींत ध्वनिमुद्रिका बांधण्याच्या कामावर लागला. कामावरून सुटल्यावर तो आपल्या मित्रांच्या ताफ्याबरोबर गात असे. १९३९ सालीं त्याच कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत या ताफ्यानें ‘म्बुबे’ हें गाणें गायिलें. म्बुबे म्हणजे सिंह. गातां गातां लिंडाला ऐन वेळीं एक उंच स्वरांतली ओळ सुचली. ती त्यानें तेथल्या तेथें गळ्यांतून काढली, आणि तीच पुढें साऱ्या जगानें उचलली. लिहून ठेवलेली नाहीं, आधीं बसविलेली नाहीं. क्षणांत आलेली आणि सुदैवानें यंत्र चालूं असल्यामुळें राहिलेली.

मुद्रिका आफ्रिकेंत पुष्कळ खपली. १९५२ सालीं लिंडानें एका कागदावर सही करून गाण्याचे हक्क कंपनीस दिले. मोबदला दहा शिलिंग. त्याच सुमारास अमेरिकेंत पीट सीगर आणि त्यांचे सोबती तेंच गाणें ‘विमोवे’ या नांवानें गाऊं लागले होते. मूळ झुलू शब्द नीट ऐकूं न आल्यामुळें झालेला हा अपभ्रंश. मुद्रिकेवर रचनाकार म्हणून ‘पॉल कॅम्पबेल’ हें नांव छापलें गेलें, आणि या नांवाचा मनुष्यच अस्तित्वांत नव्हता! १९६१ सालीं त्याच चालीवर नवे इंग्रजी शब्द चढवून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ निघालें, आणि तें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें. पुढच्याच वर्षीं लिंडा मूत्रपिंडाच्या विकारानें वारला. त्याच्या नांवावर बँकेंत पंचवीस डॉलरहि नव्हते. थडग्यावर दगड बसविण्याची ऐपत येण्यास त्याच्या बायकोला अनेक वर्षें लागलीं. १९९४ सालीं हीच चाल डिस्नेच्या ‘द लायन किंग’ या चित्रपटांत आली आणि पुन्हां एकदां पृथ्वीप्रदक्षिणा करून राहिली.

या हकीकतींत खलपुरुष शोधूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. सीगर हे सज्जन गृहस्थ होते. गाणें परंपरेनें आलेलें, म्हणजे कोणाचेंच नसलेलें आहे, अशी त्यांची समजूत होती, आणि खरें कळल्यावर त्यांनीं लिंडाकडे एक हजार डॉलर पाठविले. लिंडावर कोणी बळजबरी केली असेंहि दिसत नाहीं. त्यानें सही केली, दहा शिलिंग घेतले, आणि तो आपल्या कामावर गेला. आमच्या फिटर शेजाऱ्यांच्या भाषेंत, खुर्ची विकली गेली.

२००० सालीं रायन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकारानें हें प्रकरण उजेडांत आणलें. २००४ मध्यें लिंडाच्या मुलींच्या वतीनें डिस्नेवर फिर्याद झाली आणि २००६ मध्यें हक्क बाळगणाऱ्यांशीं तडजोड होऊन कुटुंबास मागील व पुढील उत्पन्नाचा वांटा आणि लिंडास सहरचनाकार म्हणून नांव मिळालें. सही तर त्यानें केलेली होती. मग फिर्याद उभी कशाच्या बळावर राहिली? ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कॉपीराइट कायद्यांत एक कलम होतें. कर्त्यानें हयातींत आपला हक्क कोणासहि विकला असला, तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षें झालीं कीं ती विक्री संपे आणि हक्क त्याच्या वारसांकडे परत येई. या परतीच्या हक्काबद्दल कर्त्यानें स्वतः कांहीं करार केला असला तर तो रद्द समजावा, असेंहि त्याच कलमांत म्हटलेलें होतें. म्हणजे हा हक्क विकण्याची कर्त्याला बंदीच! लिंडा १९६२ सालीं वारला. १९८७ सालीं त्याचें गाणें, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, त्याच्या घरीं परत आलेलें होतें. हाच १९११ चा कायदा १९१४ सालीं हिंदुस्थानासहि लागू झाला होता, आणि आमच्या आजोबांच्या पिढींतील नाटककार व पदकर्ते त्याच्याच छत्राखालीं नांदत होते. आपल्या १९५७ च्या कायद्यांत तें परतीचें कलम राहिलें नाहीं.

आतां कंपनीची बाजूहि ऐकली पाहिजे. ती म्हणते, आम्ही शंभर गाणीं विकत घेतों, त्यांतलीं नव्वद पडतात. जीं दहा चालतात त्यांवर आम्हांस शंभरांचा खर्च भरून काढावा लागतो. पडलेल्या गाण्याबद्दल कोणी कर्ता आमचे पैसे परत करतो काय? हें म्हणणें खोटें नाहीं. ज्यानें पैसा धोक्यांत घातला त्याला मोठा वांटा मिळावा हें आम्हांसहि मान्य आहे. पण मोठा वांटा म्हणजे सगळें, आणि तेंहि कायमचें, असें त्यांतून निघत नाहीं. गाय विकतांना विकणारा आणि घेणारा दोघेहि तिच्या कासेकडे पाहून दुधाचा अंदाज करूं शकतात. गाण्याची कास कोणालाच दिसत नाहीं. जी वस्तु किती देईल हें विकणाऱ्यालाहि ठाऊक नाहीं व घेणाऱ्यालाहि नाहीं, तिची किंमत ज्याला आज रात्रीं चूल पेटवावयाची आहे त्याच्या गरजेवरूनच ठरते. दहा शिलिंग ही ‘म्बुबे’ची किंमत नव्हती, ती त्या दिवशींच्या लिंडाच्या गरजेची किंमत होती.

हाच वाद आपल्याकडे दोन थोर गळ्यांमध्यें झालेला आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं लता मंगेशकर आणि महंमद रफी यांचें रॉयल्टीवरून पटेनासें झालें. रफींचें म्हणणें असें कीं, गाण्याचा मोबदला ठरला, तो मिळाला, तेथें व्यवहार संपला. लताबाईंचें म्हणणें असें कीं, मुद्रिका जोंपर्यंत खपते आहे तोंपर्यंत गाणाऱ्याचा वांटाहि चालू राहिला पाहिजे. दोघांनीं कांहीं वर्षें एकत्र गाणें सोडलें. आमच्या तरुणपणीं आम्ही रफींच्या बाजूचे होतों, हें कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं. त्यांच्या म्हणण्यांत एक प्रकारचें निर्लोभ औदार्य होतें, आणि हिशेबाचा वास गाण्याला लागूं नये असें त्या वयांत वाटतेंच. पण ज्याचें पोट भरलेलें आहे त्यानें वांटा सोडावा हें औदार्य. ज्याचें भरलेलें नाहीं त्यानेंहि तो सोडावा अशी जगाची रीतच पडली तर तिला औदार्य म्हणतां येत नाहीं. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, निर्मात्यानें पैसे देऊन चित्रपटासाठीं करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच होय. गाणाऱ्याला तर कायद्यांत जागाच नाहीं याकडे न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्याच निकालाला जोडलेल्या स्वतंत्र टिपणांत लक्ष वेधलें. गायकाचा हक्क कायद्यांत येण्यास १९९४ साल उजाडलें.

आतां त्या सुताराकडे वळूं. आमच्या शेजाऱ्यांनीं सुताराचा दाखला दिला तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें शहरांतील फर्निचरचें दुकान असावें. परंतु आमच्या मुलखांतला सुतार शतकानुशतकें नांगर ‘विकत’ नव्हता. तो बलुतेदार होता. कुणब्याचा नांगर, पाभर, गाडीचें चाक तो करी, मोडलें तर नीट करी. आणि पीक आलें म्हणजे खळ्यावर जाऊन आपल्या वांट्याचें धान्य घेई. पीक चांगलें तर बलुतें चांगलें, दुष्काळ पडला तर दोघेहि उपाशी. नांगराची किंमत नांगर करण्याच्या दिवशीं ठरत नसे. त्या नांगरानें पिकविलेल्या धान्यांतून ती दरसाल फिटत असे. ज्याला आज इंग्रजी शब्दानें रॉयल्टी म्हणतात आणि जी परदेशांतून आलेली कल्पना म्हणून आपण समजतों, तिचा सांगाडा आमच्या प्रत्येक गांवच्या खळ्यावर उभा होता. म्हणून शेजाऱ्यांना आमचें पहिलें उत्तर हें कीं, सुतारहि नेहमींच खुर्ची विकून मोकळा होत नसे.

पण हा दाखला देतांना आमची लेखणी थोडी अडखळते, आणि अडखळली नाहीं तर आम्ही अप्रामाणिक ठरूं. बलुतें ही गोष्ट सर्वांनाच सुखाची नव्हती. ज्यांना गांवाबाहेर राहून, हाक येईल तेव्हां, सांगितलें तें काम करावें लागे, त्यांना त्या बलुत्याची चव कशी लागली तें दया पवारांनीं १९७८ सालीं ‘बलुतं’ लिहून आम्हां पांढरपेशांस सांगितलें. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत महार वतनासंबंधीं बिल आणलें तें याचसाठीं. वतन विकतां येत नव्हतें, आणि वतन सोडवतहि नव्हतें. मूठभर धान्यासाठीं पिढ्यान्पिढ्या हात बांधलेले. तेव्हां ‘न विकतां येणारा हक्क’ या शब्दांची मोहिनी आमच्यावर एकाएकीं पडूं नये. त्याच शब्दांखालीं माणसें डांबलींहि गेलीं आहेत.

मग भेद कोठें आहे? आम्हांस तो असा दिसतो. वतनांत घेण्याचा हक्क आणि राबण्याचें ओझें एकत्र बांधलेलें होतें. धान्य पाहिजे तर पाटलाच्या दारीं उभें राहिलेंच पाहिजे. गाणें करणाऱ्याला हवें आहे तें याहून वेगळें : घेण्याचा हक्क त्याच्यापासून सुटूं नये, आणि पुढचें गाणें कोणासाठीं करावें किंवा करूंच नये याविषयीं त्याचे हात मात्र मोकळे राहावे. जो करार हक्क सोडवून घेतो आणि वर पुढच्या पांच वर्षांचीं गाणींहि बांधून घेतो (असे करार होतात, हें त्या मुलानेंच आम्हांस सांगितलें) तो वतनाहूनहि वाईट; त्यांत ओझें राहतें आणि बलुतें जातें.

स्वातंत्र्यवाद्यांचा आक्षेप तरीहि उरतोच. कायदा मला माझ्यापासून वांचवूं लागला तर मी सज्ञान कसला? मिल्लनें आपल्या ‘स्वातंत्र्या’वरील ग्रंथांत म्हटलें आहे कीं, स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचें स्वातंत्र्य स्वातंत्र्याच्या तत्त्वांत बसत नाहीं. पण गाणें विकणें म्हणजे स्वतःला विकणें नव्हे, आणि गाणें हा कर्त्याच्या आत्म्याचा तुकडा आहे वगैरे भाषा आम्हांस फारशी मानवत नाहीं. ज्यांच्या आत्म्याचे इतके तुकडे बाजारांत असतात त्यांच्याकडे शेवटीं काय उरत असेल! आमचें समर्थन याहून साधें आहे, आणि तें आमच्याच जुन्या व्यवहारांतलें आहे. मिताक्षरेनें स्वार्जित आणि वडिलोपार्जित असा भेद केला. स्वतः मिळविलेलें माणसानें वाटेल तसें उधळावें. वाडवडिलांकडून आलेलें मात्र त्यानें पोराबाळांस डावलून, खऱ्या नडीवांचून, समूळ विकूं नये. गाणें यांपैकीं कोणत्या सदरांत पडतें?

त्या मुलाला आम्हीं विचारलें, ‘ही चाल तुला सुचली कोठून?’ तो थोडा वरमला आणि म्हणाला कीं, आजी जात्यावर बसून जी ओवी म्हणत असे तिचीच ती वळणें आहेत, पुढचें त्याचें. आमच्या मतें सर्व गाण्यांचें खरें उत्तर हेंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वां यांनीं महाराष्ट्रांतील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि शक्य तेथें गाणाऱ्या बाईचें नांव व गांव टिपून ठेवलें. तें भांडार पाहतांना कळतें कीं, ‘परंपरा’ म्हणून आपण जिला निनांवी समजतों तिला नांवें होतीं; विचारणारा कोणी नव्हता. गाणें अर्धें वडिलोपार्जित असतें आणि अर्धें स्वार्जित. त्यांतील वडिलोपार्जित अंशामुळें कोणीहि असें म्हणूं नये कीं हें सर्वस्वीं माझें, याला दुसऱ्यानें हात लावूं नये. आणि त्याच अंशामुळें, जें पुरतें आपलें नाहीं तें पुरतें विकण्याचाहि अधिकार त्याला पोंचत नाहीं. सारेंच परंपरेचें आहे, मग हक्क कसला, असें म्हणणारे लोक त्या मुलाच्या आजीचा दाखला देतात. पण आजीचें देणें मुलानें कंपनीच्या हवालीं करावें असा निष्कर्ष त्यांतून कसा निघतो तें त्यांनाच ठाऊक.

ही सीमा आंखणें सोपें नाहीं, हें मान्य. २०२३ सालच्या एका तमिळ चित्रपटांतील ‘वीरा राजा वीरा’ या गाण्यावरून डागर घराण्याच्या वारसानें ए. आर. रहमान यांच्यावर दिल्ली उच्च न्यायालयांत दावा केला, कारण तें गाणें आपल्या वडिलांनीं व चुलत्यांनीं रचिलेल्या ‘शिवस्तुती’वरून घेतलें आहे असें त्यांचें म्हणणें. एप्रिल २०२५ मध्यें एका न्यायमूर्तींनीं अंतरिम आदेश वारसाच्या बाजूनें दिला. सप्टेंबरांत खंडपीठानें तो फिरविला, आणि एखादी रचना गायिली एवढ्यावरून गाणारा तिचा रचनाकार ठरत नाहीं, असें म्हटलें. वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाहीं. मौखिक परंपरेंत कर्त्याचा पुरावा किती अवघड असतो एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

आमच्या संतांना आणि शाहिरांना ही अडचण कायदेपंडितांच्या फार आधीं कळलेली होती. शेवटच्या चरणांत नांव गुंफण्याची रीत त्यांनीं पाडली ती केवळ शोभेसाठीं नव्हे. तरीहि तुकोबांना सालोमालो भेटलाच! हा गृहस्थ तुकोबांचे अभंग स्वतःच्या नांवावर खपवी, आणि त्याच्यावर तुकोबांनीं जे अभंग रचिले ते गाथेंत आहेत. ज्या पुरुषानें सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं अशी कथा आहे, त्याला पैशाचा लोभ होता असें कोणी म्हणणार नाहीं. तरी शब्द पळवले गेले आणि मोडतोड करून गायिले गेले याचा त्याला संताप आला. वामनदादा कर्डकांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून हजारों गाणीं रचिलीं. पुष्कळांच्या शेवटीं ‘वामन’ आहे, म्हणून तीं आज कोणाच्याहि तोंडून ऐकलीं तरी कर्ता हरवत नाहीं. नांव हा बलुत्याचा पहिला दाणा आहे. आपल्या कायद्याचें ५७ वें कलम कर्त्याला हाच दाणा राखून देतें : सर्व हक्क विकून टाकल्यावरहि हें माझें आहे असें म्हणण्याचा आणि त्याची मानहानिकारक मोडतोड थांबविण्याचा अधिकार त्याच्याजवळ उरतो.

दुसरा दाणा २०१२ च्या दुरुस्तीनें आला. त्या वेळीं राज्यसभेंत जावेद अख्तर यांनीं गीतकार-संगीतकारांची बाजू मांडली. त्या दुरुस्तीप्रमाणें ध्वनिमुद्रणांत समाविष्ट झालेल्या शब्दांचा व चालीचा कर्ता आपला रॉयल्टीचा समान वांटा कोणालाहि सोडून देऊं शकत नाहीं. वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट संस्थेला तेवढा देतां येतो. याविरुद्ध केलेला करार निरर्थक. १९११ च्या कलमांत जें पंचवीस वर्षांनीं परत येत होतें, तें येथें मुळांत जाऊंच दिलेलें नाहीं. पण ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र हक्क यांत येत नाहीं. त्या मुलानें गोधड्यांच्या खोलींत केलेलें मुद्रण तो आजहि पंचवीस हजारांना कायमचें विकूं शकतो, आणि कायदा हूं कीं चूं करणार नाहीं. शिवाय, बलुतेदाराला खळ्यावर जाऊन सूप पुढें करावें लागे. संस्थेकडे नांव नोंदविलें नाहीं, आपल्या रचना दाखल केल्या नाहींत, तर कायद्यानें राखलेला वांटा कागदावरच राहतो. चित्रपटांतील मोठ्या कर्त्यांना वसुलीचा हिशेब ठेवणारीं माणसें असतात. या मुलाच्या घरीं हिशेब ठेवणारे त्याचे वडील, आणि ते तर विक्रीच्या बाजूचे.

आम्हीं त्याला सांगितलें कीं सही करूं नकोस. कंपनीला लिही कीं मुद्रण तीन वर्षांच्या परवान्यावर देतों, ‘कायमचें’ हा शब्द काढा, पुढच्या वर्षांचा वांटा ठेवा, आणि नांव घाला. शिवाय शब्द आणि चाल यांची नोंद करून घे. त्यानें तसें पत्र लिहिलें. पत्र जाऊन आतां चार महिने झाले. कंपनीकडून उत्तर नाहीं. पंचवीस हजार आलेले नाहींत. मधल्या काळांत गाण्याचा जोर ओसरला, आणि मुलानें दिवसां एका दुकानांत नोकरी धरली आहे. खोलींतल्या गोधड्या थंडीमुळें खालीं उतरल्या आहेत. परवां त्याचे वडील रस्त्यांत भेटले. नमस्कार केला, पण थांबले नाहींत. सल्ला देणाऱ्याचें त्यांत कांहीं गेलें नव्हतें, हें त्यांना ठाऊक आहे, आणि आम्हांसहि. नोंदणीचा अर्ज मात्र मुलानें आमच्या ओटीवर बसून भरला. आजीचें नांव कोठें लिहावयाचें असें त्यानें विचारलें, तर त्या अर्जांत त्यासाठीं रकानाच नव्हता.